भादलीला कुणीच नाही

या महिन्यात कंपोझिटिंगची, म्हणजे रेंडर झालेल्या चित्रांचे तुकडे जोडून शेवटचं चित्र तयार करण्याची, पत्रं जास्त आली, बाकीची पुढच्या अंकात घेईन. पहिल्याच पत्राचं उत्तर लांबलंय. तो प्रश्न माझ्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवणारा आहे, म्हणून लांबू दिलं.

प्रश्न : मी जळगावात बिल्डर मंडळींसाठी थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू करून देतो. यावलकडच्या एका फार्महाउस स्कीमचं काम आहे. पुढे केळीची बाग, मागे बंगले, त्यामागे सातपुडा. पार्टीला त्यावर संध्याकाळचं धुकं हवंय. डेप्थ पास (अंतराचं वेगळं चित्र) काढून धुकं टाकलं, तर केळीच्या प्रत्येक पानाला पांढरी बारीक किनार आली. एक सीनियर म्हणतो, डेप्थ पासला अँटीअलायझिंग (कडा मऊ करणं) लावायचंच नाही. ते बंद केलं तर किनार गेली, पण पानांच्या कडा करवतीसारख्या दातेरी झाल्या. दुसरा म्हणतो, लावायचंच. खरं कोणाचं?
— एक व्हिज्युअलायझर, जळगाव

उत्तर : दोघांचं अर्धं अर्धं. आणि तुमची अडचण नेमकी अर्ध्याचीच आहे.

एक भाऊ जळगावात राहतो, दुसरा भुसावळात. दोघांच्या पत्त्याची सरासरी काढली तर दोघं साधारण भादली स्टेशनावर सापडायला हवेत. जाऊन बघा, भादलीला त्यांच्यापैकी कुणीच नाही. (भादलीकरांनी रागावू नये, बाकीचं गाव आहे जागेवर.) तुमच्या डेप्थ पासमध्ये पानाच्या कडेकडेने असे शेकडो पिक्सेल भादलीला बसलेत.

पिक्सेल म्हणजे एक चौकोनी खण. पानाची कड त्याला तिरकी कापून जाते. अर्ध्या खणात हिरवं पान, अर्ध्यात मागचं आकाश. रेंडरर, म्हणजे थ्रीडी सीनचं चित्र काढणारा प्रोग्राम, त्या एका खणात बरेच नमुने घेतो आणि त्यांचा रंग मिसळून भरतो. हेच अँटीअलायझिंग, आणि रंगासाठी ते बरोबर आहे. हिरवा आणि पांढरा मिसळून फिकट हिरवा होतो, लांबून बघताना डोळाही तेच करतो. डेप्थ पासमध्ये मात्र रंग नसतोच. तिथे प्रत्येक खणात कॅमेऱ्यापासूनचं अंतर लिहिलेलं असतं. पान ४ मीटरवर, मागची भिंत २०० मीटरवर, तर मिसळून आले १०२ मीटर. १०२ मीटरवर तुमच्या सीनमध्ये काय आहे? मोकळी हवा.

मागे आकाश असेल तर आणखी वाईट. आकाशाला अंतर नसतं, म्हणून कित्येक रेंडरर तिथे एखादा प्रचंड आकडा भरून ठेवतात. खणात आकाशाचा शंभरावा हिस्सा असला तरी तो आकडा पानाचे ४ मीटर गिळून टाकतो.

आता तुमची पांढरी किनार. कागदावर मांडून बघा, मीही तशीच शिकले. अर्धं पान, अर्धं आकाश असा खण घ्या. पान जवळ म्हणून त्यावर धुकं शून्य, आकाश लांब म्हणून ते पूर्ण धुक्याखाली. म्हणजे खरा हिशोब अर्धं पान, अर्धं धुकं. आकाशाचा पांढरा रंग कुठेही दिसायला नको, तो झाकला गेला. पण कंपोझिटमध्ये तुमच्या हातात आलेला रंग आधीच मिसळलेला आहे, अर्धं पान आणि अर्धं पांढरं आकाश. धुक्याचं प्रमाणही सरासरीचं, सोपं म्हणून अर्धं धरा. मग निघतं पाव पान, पाव पांढरं आकाश आणि अर्धं धुकं. ते पाव आकाश, जे झाकलं जायला हवं होतं, तीच तुमची किनार. तुमचं धुकं संध्याकाळचं, करड्या रंगाचं, आणि रेंडरमधलं आकाश भर दुपारचं, म्हणून ती इतकी डोळ्यात खुपते. आकाश धुक्याच्याच रंगाचं ठेवलं असतं तर तुम्हाला हा दोष कळलाही नसता. घाई असेल तर हेच करा, पार्टीला चालेल.

अँटीअलायझिंग बंद केल्यावर दाते का आले? आता प्रत्येक खणात एकच खरं अंतर आहे, एकतर पानाचं नाहीतर मागचं. धुकं ‘सगळं’ किंवा ‘अजिबात नाही’ असं पडतं. रंग मात्र मऊ कडेचा आहे. मऊ कडेवर करवतीने कापल्यासारखं धुकं बसलं, तर दाते दिसणारच. त्यात तुमची पानं केळीची! वाऱ्याने फाटून झिरमिळ्या झालेल्या पानाइतक्या कडा दुसऱ्या कुठल्या झाडाला असतील असं वाटत नाही. आमच्या घरची बाग आहे, तिचं मॉडेल करायला बसले होते तेव्हा फाटक्या पानांपायी रडकुंडीला आले होते.

धुक्यात हा घोटाळा निदान अर्धा लपतो. फोकसमध्ये लपत नाही. मुंबईत एका स्टुडिओत होते तेव्हाची गोष्ट. शॉट साधा होता. पुढे २ मीटरवर तुळशीवृंदावन, मागे ६० मीटरवर देवळाचं शिखर. दिग्दर्शकाला फोकस तुळशीवरून हळूहळू शिखरावर न्यायचा होता. रेंडर एकदाच करायचं आणि फोकस नंतर डेप्थ पासवरून कंपोझिटमध्ये फिरवायचा, असं ठरलं होतं. सुरुवात छान, शेवट छान. मधल्या दहा-बारा फ्रेममध्ये तुळस पूर्ण धूसर झालेली आणि तिच्या प्रत्येक पानाभोवती सुईने काढल्यासारखी लख्ख रेघ. मी पहाटे तीनपर्यंत मास्क काढून त्या रेघा पुसत होते. एका फ्रेममध्ये पुसली की पुढच्या फ्रेममध्ये केसभर सरकून पुन्हा हजर.

आमचे सुपरवायझर चहाचा ग्लास घेऊन मागे येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. माऊस घेतला, चित्र आठशे टक्के मोठं केलं, रेघेवरच्या एका खणावर नेऊन डेप्थचा आकडा वाचायला सांगितला. ३१.

“एकतीस मीटरवर काय आहे गं?”

“काही नाही, सर. अंगण.”

“मग फोकस तिथून जाताना हे कोण उठून उभं राहिलं?”

शेजारचे खण वाचले. १६.५. मग ४५.५. ज्या खणात पानाचा तीन चतुर्थांश भाग होता तिथे १६.५, जिथे पावच होता तिथे ४५.५. म्हणजे तुळशीच्या प्रत्येक पानापासून थेट देवळापर्यंत एक न दिसणारी तिरकी भिंत उभी होती, आणि फोकस तिच्यावरून चालत गेला की ती जिथे पाय पडेल तिथे उजळत होती. रेघ फ्रेमगणिक का सरकते, ते तेव्हा कळलं. तीन तासांची पुसापुशी फुकट गेली. त्या दिवसापासून चित्र बिनसलं की मी आधी आकडा वाचते, मग ब्रशला हात लावते.

आता तुमच्या कामाचं. माझी पहिली पसंती थर वेगळे करण्याला. केळी एका लेअरवर, बंगले दुसऱ्या, डोंगर आणि आकाश तिसऱ्या. प्रत्येकाला स्वतःचा अल्फा (खणाचा किती भाग भरलाय तो आकडा) आणि स्वतःचा डेप्थ. धुकं प्रत्येक लेअरवर वेगळं टाकायचं आणि मग एकावर एक ठेवायचे. पानाची कड मऊ करण्याचं काम अल्फाचं आहे, ते अंतराच्या गळ्यात घालू नये. यात एक छोटी युक्ती आहे. केळीच्या लेअरमध्ये मागची रिकामी जागा डेप्थमध्ये शून्य भरली असेल, तर मिसळलेला डेप्थ अल्फाने भागा. अर्ध्या खणात ४ चे २ झाले होते, अल्फा ०.५, २ भागिले ०.५ म्हणजे ४. खरं अंतर परत मिळालं! मात्र त्या खणात एकच पान असेल तरच. जवळची आणि लांबची दोन पानं एकाच खणात आली की पुन्हा भादली.

दुसरा मार्ग मजुरीचा पण भरवशाचा. १९२० बाय १०८० चं चित्र हवं असेल तर रंग आणि डेप्थ दोन्ही ३८४० बाय २१६० ला, अँटीअलायझिंग न लावता काढा. धुकं त्याच मोठ्या चित्रावर टाका आणि सगळं झाल्यावर चित्र निम्मं करा. चार खणांनी आपापला खरा निर्णय घेतला आणि त्यानंतर त्यांचा एक खण झाला. सरासरी अंतराची झाली नाही, धुकं लागलेल्या रंगाची झाली. डेप्थला दिवे, सावल्या, प्रतिबिंबं काहीच लागत नाहीत, त्यामुळे तो चौपट खणांचा असूनही पटकन निघतो. वेळ खाईल तो रंगाचा रेंडर.

तुम्ही ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातल्या सायकल्स या रेंडररचा झेड पास (डेप्थ पासचंच दुसरं नाव) मुळातच अँटीअलायझिंगशिवाय येतो आणि धुक्यासाठीचा मिस्ट पास मऊ कडांचा येतो. मिस्ट कुठून सुरू व्हायचं आणि किती अंतरात गडद व्हायचं, ते वर्ल्डच्या टॅबमध्ये भरायचं. नुसत्या धुक्याला मिस्ट घ्या, पण फोकस मिस्टवरून फिरवायला जाऊ नका, तुळस होईल. आणि मिस्टमध्येही ते पाव आकाश डोकावतंच, तेवढं आकाशाचं बघा.

मोठ्या स्टुडिओत यावर ‘डीप’ वापरतात. एका खणात एकच आकडा न ठेवता यादी ठेवायची, ४ मीटरवर अर्धं पान, २०० मीटरवर अर्धी भिंत, दोघांचे रंग वेगळे. कुणालाच भादलीला उतरवायचं नाही. ओपन ईएक्सआर ही फाइल इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या हॉलिवुडच्या इफेक्ट्स स्टुडिओने २००३ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली, आणि २०१३ च्या २.० आवृत्तीत हा डीप प्रकार आला. फाइली मात्र अशा फुगतात की हार्ड डिस्क हात जोडते. एका फार्महाउससाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

तुमच्या सीनियरची बाजूही सांगते. ‘आधी ठरव, मग मिसळ’ ही शिस्त जुनी आहे. सावल्यांसाठी दिव्याच्या जागेवरून डेप्थचा नकाशा काढतात. १९८७ मध्ये पिक्सारच्या विल्यम रीव्ह्ज, डेव्हिड सेलेसिन आणि रॉबर्ट कुक यांनी सावलीची कड मऊ कशी करायची ते दाखवलं. अंतरं मिसळायची नाहीत. प्रत्येक ठिकाणी आधी विचारायचं, इथे सावली आहे की नाही, आणि त्या हो-नाहीची सरासरी काढायची. तुमच्या सीनियरला अंतर मिसळायचं नाही हे माहीत आहे, पुढचं वाक्य सांगायचं राहिलं.

प्रश्न : अहिराणी गाण्याच्या व्हिडिओत मागे थ्रीडी डोंगर लावलेत. धुक्यात पट्टे पट्टे दिसतात, मांड्याच्या घड्या पडाव्यात तसे. कडा ठीक आहेत.
— शिरपूर, जि. धुळे

उत्तर : डेप्थ जेपेग किंवा आठ बिटच्या पीएनजीमध्ये सेव्ह केलाय ना? आठ बिट म्हणजे २५६ पायऱ्या. तुमचा सीन ५०० मीटरचा असेल तर एक पायरी जवळजवळ २ मीटरची. डोंगराच्या उतारावर ती दिसणारच. जेपेग तर आकडेही चुरगळतो, तो डेप्थसाठी कधीच नको.

ईएक्सआरमध्ये ३२ बिट फ्लोट (दशांशातले आकडे) घ्या. १६ बिटचा हाफ धुक्याला बहुतेक वेळा पुरतो. १०० मीटरच्या आसपास त्याची पायरी सव्वासहा सेंटीमीटरची असते, ३०० मीटरवर पाव मीटरची, अंतर वाढेल तशी वाढत जाते. पण हाफमध्ये ६५५०४ च्या वरचा आकडा मावत नाही. तुमचा सीन सेंटीमीटरमध्ये असेल तर ६५५ मीटरच्या पुढचे सगळे डोंगर एकदम अनंतात जातात. मी एकदा आख्खा सातपुडा असा घालवलाय.

आणि ती फाइल कंपोझिटमध्ये उघडताना रंगाची कुठलीही दुरुस्ती लागू देऊ नका. ती आकड्यांची वही आहे. ‘रॉ’ किंवा ‘नॉन कलर’ असं काही लिहिलेलं असेल ते निवडा.

प्रश्न : मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. नातू हे काम करतो म्हणून तुमचं सदर वाचतो. माझा साधा प्रश्न आहे. आमच्या जुन्या कॅमेऱ्यात डेप्थ पास नव्हता. तरी पुढचं झाड धूसर आणि मागचं देऊळ स्पष्ट असं चित्र कुठल्याही किनारीशिवाय यायचं. मग तुमच्या यंत्राला ते का जमत नाही?
— चाळीसगाव

उत्तर : सर, प्रश्न साधा नाही. आणि तुम्ही छायाचित्रकार केकी मूस यांच्या गावातून विचारताय! रेल्वे स्टेशनजवळच्या त्या बंगल्यात बसून त्यांनी टेबलावर मांडलेल्या चिमुकल्या देखाव्यांचे फोटो काढले आणि बघणाऱ्याला मैलभर लांबची वाट दाखवली. टेबल किती फुटांचं असेल? अंतराचा भास कडा आणि धूसरपणा यांतूनच उभा राहतो, हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असेल.

भिंगाला डेप्थ पास लागत नाही, कारण ते मिसळायचं काम सगळ्यात शेवटी करतं. झाडावरून निघालेला प्रत्येक किरण झाडाच्या अंतराप्रमाणे वळतो, देवळाचा देवळाच्या. ते आपापले पसरून फिल्मवर पोचतात, आणि तिथे एकमेकांत मिसळतात. प्रत्येक किरणाचं अंतर खरं. आमचं यंत्रही हे करू शकतं. १९८४ पासून किरण भिंगाच्या वेगवेगळ्या बिंदूंतून सोडून धूसरपणा रेंडरमध्येच काढता येतो आणि तिथे किनार येत नाही. पण मग तो चित्रात कायमचा बसतो. दिग्दर्शक म्हणाला “फोकस जरा मागे घ्या”, की पुन्हा सगळं रेंडर. त्या आळसापायी आम्ही आधी चित्र सपाट करतो आणि धूसर नंतर करतो. चित्र सपाट झालं की पानामागे काय होतं ते गेलेलं असतं, ते कुठून आणणार?

घरातला पुरावा हवा असेल तर नातवाच्या मोबाइलवर पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेला एखाद्या नवरदेवाचा फोटो बघा. फोन अंतराचा अंदाज बांधतो आणि मागचं धूसर करतो. गाल, फेटा झकास. मुंडावळ्यांच्या मोत्यांची सर मात्र अर्धी स्पष्ट, अर्धी मागच्या मांडवात विरघळलेली. बारीक सर, एका खणात मोतीही आणि मांडवही. माझ्या भाचीच्या लग्नातल्या फोटोत नवऱ्याची एक मुंडावळी कपाळापाशी सुरू होते आणि कानापाशी संपते. फोटोग्राफरला कुणी विचारलं नाही, मीही नाही.

प्रश्न : झेड पासला झेडच का म्हणतात?
— विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर : पडद्यावर आडवं एक्स, उभं वाय, आणि आत जाणारं झेड. प्रत्येक खणात सगळ्यात जवळच्या वस्तूचं अंतर लिहून ठेवायचं, नवीन वस्तू त्याहून जवळ असेल तरच जुनी खोडायची, ही झेड बफरची रीत एडविन कॅटमल यांनी १९७४ मध्ये युटा विद्यापीठातल्या प्रबंधात मांडली. त्याच वर्षी जर्मनीत वोल्फगांग श्ट्रासर यांनीही स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडली. परीक्षेत एवढं पुरे.

प्रश्न : मुलगा रात्रभर काँप्युटर चालू ठेवतो. ‘चित्र शिजतंय’ म्हणतो. मध्येच लाईट गेली की सकाळी डोक्याला हात लावून बसतो. माझी सासू त्याला विचारते, “इतलं काय दखी राह्यना रे त्या डब्बामा?” हे धोक्याचं आहे का?
— एक आई, पाचोरा

उत्तर : ताई, शिजतंय हा शब्द बरोबर आहे. धोक्याचं नाही, पण मे महिन्यात पारा ४५ वर असताना खोलीचं दार बंद करून शिजवू नये आणि डबा भिंतीला चिकटवू नये, पाठीमागून गरम हवा निघायला वीतभर जागा हवी.

डोक्याला हात लावतो त्याचं कारण मला इथूनच दिसतंय. तो थेट व्हिडिओ फाइल काढत असणार. लाईट गेली की ती अर्धवट फाइल उघडत नाही, रात्र गेली. त्याला म्हणावं, एकेक फ्रेम वेगळी फाइल म्हणून काढ. ३४० व्या फ्रेमला लाईट गेली तर ३३९ शाबूत राहतील, सकाळी ३४० पासून पुढे लाव. डेप्थही त्याच फाइलमध्ये जाऊ दे, ईएक्सआरमध्ये रंगासोबत मावतो. आणि शेवटची जी फाइल असेल ती आधी उघडून बघ म्हणावं. लाईट गेली तेव्हा लिहिली जात होती ती अर्धीच असते, ती खोडून मग सुरू करायचं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.